शेवटच्या कडव्यातलं नाव

हिंगोली, ७ नोव्हेंबर १९७६

अक्का, जयभीम.

वाशिम गाडीच्या कंडक्टरनं काल पाकीट जसंच्या तसं परत आणून दिलं. सुतळीची गाठसुद्धा मीच मारलेली. बाईनं हातात घेतलं नाही, एवढंच म्हणाला आणि तिकिटं फाडायला लागला. आत काय आहे हे त्याला कळलं असतं तर त्यानंच ठेवून घेतलं असतं. हिंगोलीत आमची रेकॉर्ड आता मागून मिळत नाही.

तू उघडलं नाहीस म्हणून सांगतो. वर आमचा फोटो आहे आणि मोठ्या अक्षरांत ‘नवप्रकाश गायन पार्टी, हिंगोली’. भिवाजीनं बेंजो छातीशी असा धरलाय की कोणी हिसकावून नेईल. ढोलकीवाल्या रूपसिंगच्या अंगातला शर्ट माझा आहे, म्हणून मी पेटीमागे बसलोय, नुसत्या बनियनवर. माझे डोळे मिटलेले आलेत. दोन्ही बाजूंची मिळून चार गाणी. जिनिंगचं आहे, जयंतीची दोन आहेत, पण लोक वाजवतात ते एकच. खडीचं. तू केलेलं.

तेवीस वर्षांच्या पोराची रेकॉर्ड निघाली, जिनिंगमध्ये सरकी भरणाऱ्या पोराची, तर सख्ख्या बहिणीनं निदान आत काय आहे ते बघावं. का नाही बघितलंस, ते कंडक्टरनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला वाटतं की तुला शेवटचं कडवं लागलं असावं. तुझ्या दारासमोर हिरासिंगचं हॉटेल, तिथं कर्णा लावून दिवसातून दहा वेळा तेच गाणं लागतं असं ट्रकवाले सांगतात. म्हणजे रेकॉर्ड घेतली नाहीस तरी ऐकलेलं असणारच.

तर त्याचं असं झालं. तू म्हणायचीस,

जळबा म्हनं, माय रडू नगं,
सडक झाली की येतो मी मागं.

रेकॉर्डमध्ये ‘जळबा म्हनं’च्या जागी ‘कोंडीबा म्हनं’ आलंय. ते मुंबईच्या कंपनीवाल्यांचं काम. तिथं गुलाबचंद म्हणून साहेब होते, ते म्हणाले की शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचं नाव पाहिजे, नाहीतर गाणं कोणाचं ते लोकांना कळत नाही. आपल्याकडेही रीत तीच आहे, शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव त्याचं गाणं, तुला मी काय सांगावं. मोठ्या माणसांपुढे माझं काय चालणार? लाल दिवा लागला की खोकायचीसुद्धा सोय नव्हती.

दुसरं म्हणजे, लोकांना ते कडवं तसंही आवडतंय. मुंबईला गेलेला लेक आईला सांगतोय असं ते समजतात. कळमनुरीच्या बाजारात एक म्हातारी मला धरून रडली. एका नावासाठी माणसानं इतकं मनाला लावून घेऊ नये. तुमच्या कनेरगाव नाक्यावर कार्यक्रमाला आलो तर भाकरी तुझ्याच घरी खाईन, मेथीची भाजी करून ठेव.

दाजींना जयभीम. दाजी, पत्र वाचून दाखवताना मध्ये तुमचं काही घालू नका.

तुझा कोंडीबा

•

हिंगोली, २८ नोव्हेंबर १९७६

अक्का,

दाजींचं कार्ड मंगळवारी मिळालं. एवढ्याशा कार्डात त्यांनी इतकं बारीक लिहिलंय की पत्त्याच्या बाजूलाही दोन ओळी गेल्यात. मी ते जिनिंगच्या दारात उभं राहून वाचलं आणि पुन्हा खोलीवर येऊन वाचलं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात नरसीच्या रस्त्याच्या खडीकामावर तू बाळंत झालीस, नवव्या दिवशी बाळ गेलं आणि बाराव्याला नाव ठेवायचं ते राहून गेलं, एवढं मला ठाऊक होतं. मी तिथंच पाट्या उचलत होतो. दाजी तेव्हा सडकेच्या डागडुजीवर मैलकुली झाले नव्हते, वाशिमला हमालीला होते, त्यांना निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पण बाळाचं नाव तू मनात ठरवून ठेवलं होतंस, ते कोणालाच सांगितलं नाहीस आणि पुढं खडी फोडताना गाणं जुळवलंस तेव्हा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायच्या जागी बाळाचं घातलंस, हे दाजींनासुद्धा तू परवा सांगितलंस म्हणे. बापाला पोराचं नाव साडेतीन वर्षांनी कळलं. कार्डात त्यांनी त्याबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही.

त्यांनी लिहिलंय, ‘ती म्हणते, कोंडीबाला ठाऊक नसन. ठाऊक असतं तर त्यानं असं केलं नसतं. तू तेवढं लिहून धाड म्हणजे तिचं मन मोकळं होईल.’

तर लिहितो. अक्का, मला ठाऊक नव्हतं. जळबा म्हणजे ओळीत बसणारं एखादं नाव असेल असं मला वाटलं. जात्यावरच्या ओव्यांत नाही का कोणाचीही नावं येतात, तसं. तू मला गाणं दिलंस तेव्हा ‘गा, पण पुरं गा’ एवढंच म्हणाली होतीस. का पुरं, ते बोलली नव्हतीस. बोलली असतीस तर मी गुलाबचंदसाहेबांचे पाय धरले असते.

ही रेकॉर्ड कशी झाली ते तुला सांगायचं राहिलंच. एका मोठ्या खोलीत सगळ्या भिंतींना गोणपाट ठोकलेलं. मधोमध एकच माइक. मी माइकसमोर, रूपसिंगला त्यांनी ढोलकी घेऊन पार दाराशी बसवलं, कारण त्याचा हात जड. भिवाजीच्या बेंजोला मशीन जोडलं की तो असा घरघरतो की साहेबांनी दोनदा कानावरचं काढून ठेवलं. त्यांना तो आवाज नको होता. भिवाजी म्हणाला, घरघर काढली तर बेंजो काढला, मग आम्ही घरी जातो. शेवटी घरघर राहिली आणि आता लोक तीच मागून ऐकतात. खडीचा आवाज कसा आणायचा यावर रूपसिंगनं तोड काढली होती. नरसीच्या रस्त्यावरचे दोन दगड त्यानं धोतरात बांधून मुंबईपर्यंत आणले होते. गाण्यात जो ठक ठक आवाज येतो तो त्याच दगडांचा. तीन मिनिटं आणि वर काही सेकंद, तेवढ्यात गाणं संपायला पाहिजे. आम्ही पाचव्यांदा बरोबर संपवलं.

तुझ्या मनातली अढी आता जाऊ दे. मला ठाऊक नव्हतं.

तुझा कोंडीबा

•

हिंगोली, २३ डिसेंबर १९७६

अक्का,

कारळाची चटणी मिळाली. डबा कंडक्टरनं मांडीवर ठेवून आणला, सगळ्या गाडीत वास सुटला होता म्हणतो. ‘ये म्हणावं, वाट बघून राहिले,’ हा तुझा निरोपही त्यानं तुझ्याच आवाजात सांगितला.

यायचं मनात फार आहे. पण या महिन्यात कार्यक्रम एकामागून एक लागलेत. मध्ये घसा बसला. जिनिंगमध्ये कापसाची आवक वाढलीय, सुट्टी मागितली की मुकादम तोंड वाकडं करतो. पुढच्या आठवड्यात बघतो, नाहीतर संक्रांत झाल्यावर.

रूपसिंग पार्टी सोडून गेला. तांड्यावर त्याचं काहीतरी काम निघालं. दुसरा ढोलकीवाला घेतलाय, पोरगा बरा आहे, पण ठेक्यात त्याचा जीव नाही.

कंपनीचं पत्र आलंय, दुसरी रेकॉर्ड करू म्हणतात, नवी गाणी मागवलीत. मी अजून उत्तर दिलं नाही.

चटणी भिवाजीनं खाल्ली. चांगली झाली होती म्हणाला.

कोंडीबा

•

हिंगोली, ९ जानेवारी १९७७

अक्का,

दाजी, हे पत्र तिला सगळं वाचून दाखवा. मध्येच वाचवणार नाही असं वाटलं तर बाहेर जाऊन पाणी पिऊन या, पण एकही ओळ गाळू नका.

तुझ्या हातची चटणी मला गिळवली नाही. डबा उघडला, भाकरी घेतली आणि घास तोंडापर्यंत गेला नाही. तू मला माफ करून बसलीस ते मी खोटं लिहिलं म्हणून. आता खरं लिहितो, मग तुला करायचं ते कर.

मला ठाऊक होतं.

बाळ गेलं त्या दुपारी रस्त्याच्या खालच्या अंगाला पळसाच्या झाडाखाली मी खड्डा खणला. बायका टँकरपाशी पाण्याच्या रांगेत होत्या, मुकादमानं अर्ध्या तासाची मुभा दिली होती. मी बाळ तुझ्या हातून घ्यायला पुढे झालो तर तू पाठ फिरवलीस आणि फडक्यातलं त्याचं तोंड कानाशी धरावं तसं धरलंस. म्हणालीस, ‘जळबा, सडक झाली की ये.’ तुला वाटलं मी लांब आहे. मी तुझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर कुदळ धरून उभा होतो. मग तू बाळ माझ्या हातात दिलंस आणि आपण त्यावर काही बोललो नाही.

चार महिन्यांनी तू ढिगावर बसून ते गाणं म्हणायला लागलीस. तांड्यावरच्या बायका तुझ्यासोबत म्हणायच्या, शेवटचं कडवं मात्र तू एकटी म्हणायचीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला सगळं उमगलं. माझ्या हातातली पाटी खाली पडली होती. हे मी कधी विसरलो नाही, आणि विसरलो असंसुद्धा तुला सांगू शकत नाही.

गुलाबचंदसाहेबांवर मी आळ घेतला. त्यांचा काही दोष नाही. त्यांना आपलं मराठी धड कळतसुद्धा नव्हतं. त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, शायर का नाम? मी माझं सांगितलं. ते भले माणूस आहेत, पुन्हा म्हणाले, ‘किसी और का हो तो अभी बोल दो, लिख देंगे.’ मी म्हणालो, ‘नहीं साहब, मेरा ही है.’

आणि बदल काही मुंबईत झाला नाही. पंच्याहत्तरच्या जयंतीला औंढ्याला आमचा सवाल-जवाब होता, समोर परभणीची पार्टी. जुने, नावाजलेले लोक. त्यांच्या म्होरक्यानं माइकवरून विचारलं, की पोरांनो, दुसऱ्यांची गाणी गाताय की तुमचं स्वतःचं काही आहे? आमच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं. मी पेटी ओढली आणि खडीचं गाणं सुरू केलं. शेवटच्या कडव्याशी आलो तेव्हा मी अडखळलो नाही, अक्का. ‘कोंडीबा म्हनं’ असं सरळ तोंडून आलं, म्हणजे ते आधीपासून तयार होतं. मंडप उठून उभा राहिला. परभणीचा म्होरक्या येऊन मला मिठी मारून गेला. त्या दिवसापासून मी ते तसंच म्हणत आलो. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळेपुरतं, पुढच्या वेळी बरोबर म्हणू.

उतरल्यावर रूपसिंगनं विचारलं. त्यानं तालमीत जुनी ओळ ऐकली होती. म्हणाला, ‘आधी जळबा व्हतं ना रे. हा जळबा कोण?’

मी म्हणालो, ‘कोणी न्हाई. ओळ भरायला घातलं व्हतं.’

भिवाजी तिथंच बेंजोच्या तारा सैल करत होता. त्यानंही ऐकलं. कोणाला काही वाटलं नाही, वाटायचं कारणच नव्हतं. मला वाटायला पाहिजे होतं आणि मी चहा प्यायला गेलो.

रूपसिंग तांड्यावरच्या कामासाठी गेला नाही. त्याची माय धुरपताबाई, खडीवर तुझं बाळंतपण तिनंच केलं होतं. रेकॉर्ड तांड्यावर पोचली तेव्हा ती ऐकून म्हणाली की हे कडवं असं नाही, जनकाबाई हितं जळबा म्हणायची आणि म्हणताना हात थांबवायची. रूपसिंगला ते कळायला वेळ लागला नाही. डिसेंबरात तो माझ्या खोलीवर आला, बसला नाही. ‘तू मला कोणी न्हाई म्हणालास,’ एवढंच बोलला आणि कोपऱ्यातली ढोलकी उचलून चालता झाला. मी त्याला थांब म्हणालो नाही.

काहून केलं, असं तू विचारशील. मला नाव पाहिजे होतं. कोणाच्या तरी पेटीवर, कागदावर, तबकडीवर ‘कोंडीबा’ असं छापलेलं पाहिजे होतं. आणि बाळाला नाव कशाला लागतं, असं माझ्या मनात आलं. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, कारण ते मनात आलं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. एकदा खोटं बोलून माफी घेतली होती.

कोंडीबा

•

हिंगोली, १६ एप्रिल १९७७

अक्का,

तीन महिने तुझ्याकडून काही आलं नाही. येऊ नये असंच मी केलं होतं. म्हणून नाक्याच्या जयंती कमिटीची माणसं कार्यक्रमाची सुपारी घेऊन आली तेव्हा माझी पहिली इच्छा नाही म्हणायची होती. मग विचार केला, तुझ्या दारात, तुझ्या माणसांपुढं, एकदा तरी ते कडवं जसं आहे तसं म्हणू. मी आलो तो त्यासाठी.

परवा जे झालं ते तू बघितलंस, तरी मी लिहून ठेवतो. पुढं मला स्वतःला सोयीचं काही आठवायला नको.

संध्याकाळी मिरवणूक होती म्हणून आमचा कार्यक्रम चारला लावला होता. ऊन मंडपाच्या कापडातून खाली येत होतं. तू बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होतीस, डोक्यावर निळा पदर. चार वर्षांत पहिल्यांदा तू माझं गाणं ऐकायला आली होतीस आणि माझ्या हातून पेटीचे सूर निसटत होते. जयंतीची दोन गाणी झाली आणि लोक खडी, खडी करायला लागले.

गाणं चांगलं गेलं. शेवटच्या कडव्यावर मी हात वर करून बेंजो थांबवला. म्हणालो, ‘जळबा म्हनं.’ माझा आवाज माइकमध्ये गेला असेल, पण कोणाला ऐकू आला नाही. आख्खा मंडप ‘कोंडीबा म्हनं’ म्हणून बसला होता. मला वाटलं, चुकून झालं. ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तेच, आता टाळ्यांसह. पुढच्या रांगेतली पोरं माझ्याकडे बोट करून म्हणत होती. मी तिसऱ्यांदा एकट्यानं म्हणालो, मोठ्यानं, तर एक म्हातारा उठला आणि त्यानं मलाच दुरुस्त केलं. ‘इसरला का रं? कोंडीबा म्हनं.’ लोक हसले. भिवाजी मान खाली घालून तारा बघत होता.

मग मी गाणं थांबवलं आणि माइकवर सांगितलं, हे गाणं माझं नाही. हे माझ्या बहिणीचं, जनकाबाईचं आहे. ह्या कडव्यात तिच्या लेकाचं नाव आहे, ते मी काढून माझं घातलं. मला जमेल तितकं सरळ सांगितलं. मंडपात टाळ्या पडल्या. कमिटीचे अध्यक्ष पुढे आले आणि म्हणाले, बघा, एवढी रेकॉर्ड निघाली पण पोरगा सगळं श्रेय बहिणीला देतो, असे संस्कार पाहिजेत. माझ्या गळ्यात हार घातला. मी तो काढला तर पुन्हा टाळ्या. तेवढ्यात तू निघून गेलीस.

रेकॉर्ड जाऊन जिथं पोचायची तिथं पोचली आहे, अक्का. लोकांना मी शिकवलं ते त्यांना पाठ झालं. आता मी घसा फोडून सांगितलं तरी त्यांना ती माझी नम्रता वाटते. गुन्हा कबूल करावा आणि समोरच्यानं पाठ थोपटावी, ह्याच्यासारखा दुसरा मार नाही.

हार गाडीत टाकून मी तुझ्या दारात आलो. दाजी बाजेवर बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. तू आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवलास. मी विचारलं, पत्र वाचलं ना? तू मान हलवलीस. खरं लिहिलंस ते बरं केलंस, म्हणालीस. त्यावर मी रडलो, ते तू बघितलंस. तू रडली नाहीस. जे बोललीस ते मी तुझ्याच शब्दांत लिहितो, म्हणजे दाजी वाचतील तेव्हा तुला खात्री पटेल की मी या वेळी बदललं नाही.

तू म्हणालीस, ‘तुझ्या गाण्याचं मला काय करायचंय आता. लोकाईला गाऊ दे. पर एवढी चार वर्सं झाली, त्या लेकराला कोणी नावानं हाक मारली न्हाई. मी बी मनातल्या मनातच मारते. त्या रेकॉर्डीत ऱ्हायलं असतं तर लोकाईच्या तोंडी आलं असतं. हिरासिंगच्या हॉटेलात दिवसातून धा येळा कोणी तरी त्याला हाक मारली असती.’

मग तू उठून चुलीकडे गेलीस. समोर हॉटेलात तेच गाणं लागलं होतं. दाजींनी उठून दार लोटलं.

कंपनीला मी लिहिलं होतं की शेवटची ओळ चुकली आहे, रेकॉर्ड पुन्हा करून द्या. त्यांनी कळवलं की माल चांगला चालतोय, बदल होणार नाही. मी दुसरी रेकॉर्ड करणार नाही असं कळवलंय. त्यानं तुझं काही भरून येत नाही हे मला समजतं.

कोंडीबा

•

हिंगोली, २४ एप्रिल १९७७

चि. जळबा,
द्वारा जनकाबाई, मैलकुलींच्या खोल्या,
मु. पो. कनेरगाव नाका, ता. हिंगोली, जि. परभणी.

जळबा, मी तुझा मामा. तुझं माझं बोलणं कधी झालं नाही. तू नऊ दिवसांचा होतास तेव्हा मी तुला एकदा हातात घेतलं होतं, ते कशासाठी ते तुझ्या मायला ठाऊक आहे.

पाकिटावर तुझं नाव ठळक, सुटं सुटं लिहिलंय, म्हणजे घाईत वाचणाऱ्यालाही चुकता येणार नाही. तुमच्याकडे टपाल कसं वाटतात ते मी परवा विचारून घेतलं. पोस्टमन अकराच्या सुमाराला सायकलवर येतो, हॉटेलासमोरच्या लिंबाखाली थांबतो आणि एकेक पाकीट उचलून नाव पुकारतो. ज्याचं असेल तो ओ देतो आणि घेऊन जातो. दारोदार हिंडायचा त्याला कंटाळा आहे असं लोक म्हणतात. त्याचा कंटाळा या वेळी आपल्या कामाचा आहे.

तर तो तुझं नाव पुकारेल. तिथं ट्रकवाले असतील, हिरासिंग असेल, भजी खाणारे असतील. कोणी ओ देणार नाही. मग तो आणखी मोठ्यानं पुकारेल. तुझी माय तेव्हा दारातच असते, ज्वारी निवडत. ती ऐकेल. उठेल की नाही ते मला सांगता येत नाही. उठली तर ती तुझ्या नावानं ओ देईल. नाही उठली तर तुझे बाबा उठतील. तेही नाही उठले तर पोस्टमन पाकीट पिशवीत टाकून दुसऱ्या दिवशी परत आणेल आणि परत पुकारेल, तसा त्यांचा कायदा आहे.

माझ्याबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू कोण म्हणून एकानं मला विचारलं होतं, आणि मी कोणी नाही म्हणालो. ते वाक्य आता परत घेता येत नाही. एका माणसानं ते ऐकलं, दुसऱ्यानं शेजारी बसून ऐकलं, आणि बाकीच्यांना मी ते न बोलता ऐकवलं. म्हणून मी तुला लिहितोय. तू चार वर्षांचा झालास. तुझ्या वयाच्या पोराला मामानं काय लिहावं ते मला कळत नाही. हिंगोलीत आंबे आलेत. जिनिंग पावसाळ्यापुरतं बंद होईल. रूपसिंगला मी तांड्यावर जाऊन भेटलो, तो बोलला नाही, पण त्याच्या मायनं मला भाकरी वाढली आणि जळबा हे तुझंच नाव ना, असं मला विचारून घेतलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.

पुढच्या महिन्यात लिहीन, त्याच्या पुढच्याही. काही नसेल लिहायला तर कोरा कागद घालीन, पण पाकिटावर नाव असेल. त्या पोस्टमनला तुझं नाव पाठ होईपर्यंत मी लिहीत राहीन.

तुझा मामा,
कोंडीबा